ठासणीच्या बंदुकीला कोणती दारू?

नेसरी म्हटलं की तलवारच आठवते. २४ फेब्रुवारी १६७४, महाशिवरात्रीचा दिवस. सरनौबत प्रतापराव गुजर आणि त्यांच्यासोबतचे सहा स्वार बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले आणि सातही जण कामी आले. खिंडीतलं स्मारक बघायला येणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे घोडे असतात, पाती असतात. बंदुकीची आठवण कुणाला होत नाही. गंमत अशी की या मुलखात त्या काळाच्या हत्यारांपैकी आजही रोजच्या कामाला येणारं काही उरलं असेल, तर ती बंदूकच आहे. गडहिंग्लज, आजरा, चंदगड या पट्ट्यात पीकसंरक्षणाच्या परवान्यावर घेतलेली ठासणीची बंदूक अजून शेतकऱ्याच्या घरात सापडते. तोंडाकडून दारू ओतायची, वर बोळा दाबायचा, छर्रे टाकायचे, पुन्हा बोळा, गजाने ठासायचं, मागच्या नळकांडीवर केप चढवायची आणि घोडा ओढायचा. शिवकाळातली बंदूक तोड्याची होती, ही केपाची. एवढा फरक सोडला तर बार भरण्याची रीत साडेतीनशे वर्षांत फारशी बदललेली नाही.

ती टिकली यात हौसेपेक्षा कायद्याचा हात मोठा. १९५९च्या शस्त्र अधिनियमाच्या तेराव्या कलमात पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख नाव घेऊन केलेला आहे. शेतकऱ्याची गरज खरी असेल तर अशा बंदुकीचा परवाना द्यावा, आणि ती पुरेशी पडणार नाही अशी अधिकाऱ्याची खात्री झाली तरच दुसऱ्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा विचार करावा, अशी ती तरतूद आहे. इकडे घाटमाथ्यावरून गवे उतरतात, डुकरं भुईमूग आणि रताळी उकरतात, आणि या शतकाच्या सुरुवातीला कर्नाटकाकडून आलेल्या हत्तींनी चंदगड-आजऱ्याच्या उसाची ओळख करून घेतली ती कायमची. बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारण्याची परवानगी नव्हे, हे मात्र लक्षात ठेवायला हवं. त्यासाठी १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे आणि त्याची परवानगी वेगळी घ्यावी लागते. त्यामुळे या बंदुकीचा खरा उपयोग बहुतेक वेळा आवाज काढणं एवढाच. रात्री माळ्यावरून एक बार काढला की कळप बांध ओलांडून जातो.

आता प्रश्न दारूचा. मोबाइलवर अमेरिकन हौशी नेमबाजांच्या चित्रफिती बघितल्या की पायरोडेक्स, ट्रिपल सेव्हन, ब्लॅकहॉर्न अशी नावं कानावर पडतात. ही म्हणे काळ्या दारूची सुधारलेली भावंडं. धूर कमी, घाण कमी, सुरक्षित जास्त. मग जुनी काळी दारू कशाला वापरायची, असं कुणालाही वाटेल. त्याचं उत्तर देण्याआधी हे पर्याय मुळात कुणाच्या सोयीसाठी निघाले ते बघायला हवं. माझं मत आधीच सांगून टाकतो: ते बंदुकीसाठी निघालेले नाहीत, गोदामासाठी निघालेले आहेत.

काळी दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा. सोरा जळायला लागणारा प्राणवायू पुरवतो, कोळसा हे जळण, आणि गंधकाचं काम जळणाबरोबरच पेट लवकर घ्यायला लावणं हे. गंधकामुळे ही दारू एका ठिणगीवर पेटते. चकमकीच्या बंदुकीत गारगोटी पोलादावर घासली की ठिणग्या रंजकदानीत पडतात. तोड्याच्या बंदुकीत जळती जामगी रंजकाला टेकते. तिथून ज्वाळा नळीच्या बारीक भोकातून, म्हणजे कानातून, आत शिरते आणि बार उडतो. या साखळीत कुठेही जास्त उष्णता नाही. पहिल्या ठिणगीला पेटणारा पदार्थ नसेल तर सगळा खेळ तिथेच संपतो.

काळ्या दारूचा दुसरा गुण कमी लोकांना ठाऊक असतो. ती जळते दाण्याच्या पृष्ठभागावरून, आणि नळीतला दाब वाढला म्हणून तिचा जळण्याचा वेग फारसा चढत नाही. म्हणून वेग आवरायचा तर दाण्याचा आकार बदलायचा. दाणा मोठा तर जळणं सावकाश, बारीक तर झपाट्याने. पाश्चात्त्य डब्यांवर एक एफ, दोन एफ, तीन एफ अशा खुणा असतात. एफ जितके जास्त तितका दाणा बारीक. एक एफ मोठ्या नळीला, तीन एफ लहान नळीला, आणि सगळ्यात बारीक चार एफ फक्त रंजकाला. चार एफची दारू नळीत भरायची नाही, हा नियम तिकडच्या नवशिक्याला पहिल्या दिवशी शिकवतात.

तिसरा गुण म्हणजे अवगुण. जळल्यावर हिच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग वायू होतच नाही, घनरूपातच राहतो. तोच तो पांढरा धुराचा लोट आणि तीच नळीतली काजळी. लढाईत चार-सहा फैरी झाल्या की समोरचं दिसत नसे, आणि आठ-दहा बारांनंतर गज आत जाताना अडकू लागे.

या अवगुणावर खरा उतारा १८८४ मध्ये फ्रान्समध्ये निघाला. पॉल व्हियेय या रसायनशास्त्रज्ञाने नायट्रोसेल्युलोजपासून बिनधुराची दारू केली आणि दहा-पंधरा वर्षांत जगभरच्या फौजांनी काळी दारू बाजूला सारली. आज बारा बोअरच्या काडतुसात असते ती याच कुळातली. आणि ठासणीच्या बंदुकीच्या बाबतीत सगळ्यात मोठा धोका इथेच आहे. काडतूस फोडून त्यातली दारू ठासणीच्या नळीत ओतली तर नळी फुटते. कधीतरी फुटेल असं नव्हे, पहिल्याच बारालाही फुटू शकते. बिनधुराच्या दारूत तेवढ्याच वजनात कितीतरी जास्त ताकद असते आणि दाब वाढला की तिचा जळण्याचा वेगही वाढतो. वेग वाढला की दाब आणखी वाढतो. काडतुसाची बंदूक हे गृहीत धरून घडवलेली असते. ठासणीची जुनी नळी, तिच्या मागचं आट्याचं बूच आणि केपाची नळकांडी या तिघांपैकी जे कमकुवत असेल ते आधी उडतं, आणि ते नेमकं नेम धरणाऱ्याच्या गालाशी असतं. चिमूटभरच घालतो, काळीत मिसळून घालतो, असल्या युक्त्यांनी धोका कमी होत नाही. फटाक्यातली दारू हा तर विषयच वेगळा. ती आवाजासाठी आणि झगमगाटासाठी केलेली असते, तिची रसायनं वेगळी आणि स्वभाव भडक. तिला नळीत जागा नाही.

म्हणजे जुन्या बंदुकीला काळीच दारू हवी, किंवा तिच्यासारखीच वागणारी दुसरी एखादी. ही ‘दुसरी’ निघाली १९७०च्या दशकात अमेरिकेत. तिथे जुन्या बंदुकांची हौस जोरात होती, पण काळी दारू स्फोटक म्हणून गणली जाई. तिची वाहतूक, साठवण, दुकानातली मांडणी या सगळ्यावर कडक नियम. साध्या दुकानदाराला ती ठेवणं परवडेना. डॅन पावलाक नावाच्या संशोधकाने पायरोडेक्स बनवलं. सोरा, गंधक, कोळसा यांच्या जोडीला त्यात पोटॅशियम परक्लोरेट आणि आणखी काही द्रव्यं घातलेली होती. त्याला पेट घ्यायला काळ्या दारूपेक्षा बरीच जास्त उष्णता लागते, त्यामुळे वाहतुकीच्या नियमांत ते स्फोटकाऐवजी ज्वालाग्राही घन पदार्थात बसलं. डबा साध्या फळीवर ठेवता येऊ लागला. एवढ्या एका गोष्टीवर सगळा धंदा उभा राहिला. पण जो पदार्थ सुरक्षित म्हणून बाजारात आला, त्याच्याच कारखान्यात १९७७ मध्ये स्फोट होऊन खुद्द पावलाक गेला. पुढे हॉजडन कंपनीने कॅन्सासमध्ये पायरोडेक्सचं उत्पादन सुरू ठेवलं. नंतर तिनेच गंधक नसलेली ट्रिपल सेव्हन आणली.

पेट उशिरा घेणं दुकानदाराला वरदान आणि जुन्या बंदुकीला शाप. चकमकीच्या किंवा तोड्याच्या बंदुकीत पायरोडेक्स नीट पेटत नाही. केपाच्या बंदुकीत चालतं, पण केप जोरदार हवी, आणि दारू छर्ऱ्याखाली घट्ट दाबलेली हवी. सैल राहिली तर फुसफुसते. म्हणूनच तिकडे जुन्या लढायांचे प्रसंग उभे करणारी मंडळी नुसता बार काढताना खरी काळी दारूच पसंत करतात. गोळीशिवायच्या बाराला पर्यायी दारू दणका देत नाही. आपल्या शेतकऱ्याचं कामही नेमकं तेच: आवाज आणि धूर. डुकराला पळवायचं असेल तर धूर हा अवगुण राहत नाही.

मापातही गोची आहे. पायरोडेक्स काळ्या दारूइतक्याच मापाने घ्यायचं असतं, वजनाने नव्हे. तेवढ्याच मापात त्याचं वजन जवळपास तीस टक्के कमी भरतं. तराजूवर काळ्या दारूइतकं वजन करून घातलं तर बार भलताच भारी होतो. ट्रिपल सेव्हन तर मापाने घेतली तरी जास्त जोराची, म्हणून तिचं माप पंधरा टक्के कमी करायला कंपनीच सांगते. म्हणजे एका घरात दोन डबे आले की चुकण्याच्या दोन वाटा तयार झाल्या.

‘घाण कमी’ हा दावा तपासायचा तर बार काढून झाल्यावर बंदूक धुताना बघावं. काळ्या दारूची काजळी पाण्यात विरघळते, तेलात नाही. केप काढायची, नळी रिकामी असल्याची खात्री करायची आणि तोंडाकडून कडकडीत पाणी ओतायचं. पहिलं पाणी शाईसारखं काळं येतं आणि कुजक्या अंड्यासारखा वास सुटतो, तो गंधकाचा. गजाला चिंधी गुंडाळून वरखाली करायचं, पुन्हा पाणी, पुन्हा चिंधी. चिंधी पांढरी निघेपर्यंत सुटका नाही. पाणी कडकडीत हवं कारण गरम झालेली नळी स्वतःच कोरडी होते. मग तेलाचा हात. मृगापासून पुढे चार महिने, हवा ओली असताना, हे काम सकाळवर टाकलं तर सकाळी नळीला तांबूस पावडर लागलेली दिसते. काजळीतले क्षार हवेतलं पाणी ओढतात आणि लोखंड खातात. पायरोडेक्सने ही कटकट वाचते का? वाचत नाही. परक्लोरेट जळून मागे क्लोराइड राहतं, म्हणजे मिठाच्याच जातीचं. लोखंडाला तेही तितकंच जाचक. गंधक नसलेली दारू पाण्याने सोपी धुतली जाते एवढं खरं, पण धुवावी लागतेच.

ओलाव्याचं दुखणं आपल्याकडच्या जुन्या लोकांना चांगलं माहीत होतं. ‘आज्ञापत्र’ या ग्रंथात रामचंद्रपंत अमात्यांनी किल्ल्यावरचा दारूखाना कसा असावा हे तपशिलात सांगितलं आहे. पंत कोल्हापूर गादीचे, बावड्याच्या अमात्य घराण्याचे मूळ पुरुष. सह्याद्रीचा पाऊस त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. दारूखाना वस्तीच्या घरांपासून लांब, खाली तळघर, तळाला पक्का गच्च, त्यावर लाकडी माच आणि माचावर दारूची मडकी. दारू सर्द होऊ द्यायची नाही. दर आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने जातीने येऊन ती बाहेर काढायची, ऊन द्यायचं आणि पुन्हा मोहर लावून ठेवायची. पहारा कायम. आजच्या सुरक्षा अधिकाऱ्याला यात फारशी भर घालता येणार नाही; उन्हात काढण्याच्या कलमावर तो हरकत घेईल एवढंच.

चांगल्या दारूगोळ्याचा प्रश्न या भागाच्या इतिहासात एकाहून जास्त वेळा आला आहे. १६६० मध्ये सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला तेव्हा राजापूरच्या वखारीतला हेन्री रेव्हिंग्टन हा इंग्रज आपली तोफ आणि गोळे घेऊन जौहरच्या मदतीला आला. पुढच्याच वर्षी शिवाजी महाराजांनी राजापूरची वखार खणून काढली आणि रेव्हिंग्टनला कैदेत टाकलं. तेव्हा उत्तम दारूगोळा बाळगणारे टोपीकर भाड्याने मिळत. जुन्या गोव्याला पोर्तुगिजांचा तर दारूचा स्वतंत्र कारखानाच होता.

नेसरीपासून जवळच, त्याच गडहिंग्लज तालुक्यात सामानगड आहे. १८४४ मध्ये वंशपरंपरागत हक्कांवर गदा आली म्हणून तिथल्या गडकऱ्यांनी दरवाजे लावून घेतले, भुदरगडही उठला. बेळगावहून कंपनीची फौज आली. जुजबी तोफांनी काम होईना, तेव्हा मोठ्या तोफा आणाव्या लागल्या आणि १३ ऑक्टोबरला गड पडला. पावसाळा नुकताच सरलेला, गडावरची दारू चार महिने ओल खाल्लेली आणि समोर कारखान्यात दाणे पाडून पिंपांत आलेली दारू. गड पडण्याची कारणं पुष्कळ असतील, पण हा सामना बरोबरीचा नव्हता असं मला वाटतं. पुढे १८५७ झालं, ३१ जुलैला कोल्हापुरात सत्ताविसावी पलटण उठली, आणि मग दक्षिण महाराष्ट्रात घरोघरची हत्यारं काढून घेण्याची मोहीम निघाली. १८७८च्या शस्त्र कायद्याने बंदूक आणि दारू या दोन्ही गोष्टी परवान्याच्या कागदावर आल्या, त्या आजतागायत तिथेच आहेत. शेजारच्या कर्नाटकातल्या कोडगूत कोडव लोकांना परवान्यातून सूट आहे आणि कैल पोळदू या सणाला ते बंदुकांची पूजा करतात. आपल्याकडे तशी सूट कुणाला नाही.

म्हणून नेसरीच्या शेतकऱ्यापुढे ‘खरी की पर्यायी’ हा प्रश्न अमेरिकेसारखा उभाच राहत नाही. त्याच्यापुढचा प्रश्न ‘परवान्याच्या दुकानातली की घरगुती’ हा आहे. दुकानातली दारू परवान्यावर नोंद करून मिळते, महाग पडते, दुकान तालुक्याला किंवा जिल्ह्याला असतं. घरगुती दारू गुन्हा तर आहेच, पण तो मुद्दा क्षणभर बाजूला ठेवला तरी ती दारू म्हणूनच भिकार असते. कारखान्यातली दारू दाबून, दाणे पाडून, चाळून, एका आकाराची केलेली असते आणि त्यामुळेच दर बार सारखा उडतो. हाताने कालवलेली पूड कधी फुसका बार देते तर कधी दांडगा, आणि ती कालवतानाच हात जाण्याची शक्यता सगळ्यात जास्त. तिकडे ड्यू पाँतसारख्या नामांकित कंपनीच्या कारखान्यात १८१८ मध्ये एका स्फोटात तीसहून जास्त माणसं गेली. ती माणसं याच धंद्यातली होती.

अमेरिकेतही ही खरी दारू आता दुर्मीळ होत चालली आहे. ड्यू पाँतच्या परंपरेतला गोएक्स हा तिथला जुना कारखाना. २०२१ मध्ये तो बंद करत असल्याचं मालकांनी जाहीर केलं तेव्हा हौशी मंडळींची धावपळ उडाली. पुढच्या वर्षी एस्टिस या दुसऱ्या कंपनीने तो घेतला म्हणून निभावलं. पर्यायांचा एवढा बाजार असूनही लोक खऱ्या दारूच्या डब्यासाठी रांग लावत होते, यावरून काय ते समजावं.

एक प्रश्न राहतो, ज्यांच्या घरी बंदूक आहे पण बार काढायचा नाही त्यांचा. आजोबा-पणजोबांची तोड्याची बंदूक दसऱ्याला खाली उतरवायची, शेंदूर लावायचा आणि पुन्हा वर टांगायची, असं अनेक घरांत चालतं. जुन्या घडणीची आणि चालवता न येण्याइतकी मोडकी हत्यारं शस्त्र अधिनियमाच्या पंचेचाळिसाव्या कलमाखाली सुटतात, पण आपली बंदूक त्यात बसते की नाही हे घरच्यांनी ठरवायचं नसतं. ते पोलीस ठाण्यात विचारून घ्यावं. आणि अशा बंदुकीला कोणती दारू, याचं उत्तर सोपं आहे: कोणतीच नाही. शंभर-दीडशे वर्षांच्या नळीला आतून कुठे चीर गेली आहे हे डोळ्यांना दिसत नाही.

पण त्याही आधी ती रिकामी आहे का ते बघायला हवं. ठासणीची बंदूक भरली की बार काढल्याखेरीज सहज रिकामी होत नाही, त्यामुळे भरलेली बंदूक तशीच टांगून ठेवणारे मालक पूर्वी पुष्कळ असत. तपासण्याची जुनी रीत अशी: बंदुकीचं तोंड माणसांपासून दूर धरायचं, चापाला हात लावायचा नाही, लाकडी काठी अलगद नळीत सोडायची, ती टेकेल तिथे तोंडापाशी बोटाने खूण करायची. मग काठी बाहेर काढून नळीला बाहेरून लावायची. काठीचं टोक कानाच्या भोकापर्यंत पोचलं तर नळी रिकामी. चार बोटं अलीकडे थांबलं तर आत बार आहे, आणि मग ती बंदूक जशी आहे तशी ठेवून पोलिसांना कळवायचं. खरडून काढायच्या भरीस पडायचं नाही. कोरडी राहिलेली काळी दारू म्हातारी होत नाही. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात अठराव्या शतकातल्या ब्रिटिश जहाजावरची एक तोफ होती. २०१३ मध्ये कामगार तिचा गंज काढत होते, तेव्हा आत गोळा, कापसाचा बोळा आणि जवळजवळ आठशे ग्रॅम दारू निघाली. ती अजून पेटण्याजोगी होती. व्हर्जिनियात २००८ मध्ये एक अनुभवी संग्राहक अमेरिकन यादवी युद्धातला तोफगोळा घराच्या अंगणात साफ करत होता. तो गोळा जवळजवळ दीडशे वर्षांनी फुटला आणि संग्राहक जागीच गेला.